राइलीच्या मेलांची जपणूक

शनिवार, ७ सप्टेंबर

ज्या टेलिफोन कंपनीला मी इतकी वर्षं इमानेइतबारे पैसे भरले, तिनं आज कळवलं की ऑक्टोबर संपला की त्यांची मेलची सेवा बंद. खातं बंद, आतलं सगळं पुसलं जाणार. 'ग्राहकांनी आपला मजकूर वेळेत हलवून घ्यावा.' आणि खाली एका हसऱ्या बाईचा फोटो. घर पाडायची नोटीस द्यायची आणि खाली हसरा चेहरा छापायचा, ही कुठली रीत?

मला लिहितं कोण? वाचनालय, विमा कंपनी आणि मधूनच विर्पी, माझी मुलगी. त्यांचं काही पुसलं गेलं तर माझं काही अडणार नाही. पण त्या खात्यात 'राइली' नावाचा एक कप्पा आहे. राइली, माझी बायको, स्टॉकहोमला जाणाऱ्या जहाजावर स्वयंपाकघरात होती. दहा दिवस पाण्यावर, दहा दिवस घरी, अशी चौदा वर्षं. पाण्यावर असली की खलाशांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून मला मेल लिहायची. ती गेली त्याला मार्चमध्ये दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी तो कप्पा उघडलेला नाही. उघडायचा नाहीच. पण तो असायला हवा. आहे म्हटलं की मला झोप लागते.

म्हणून ही वही. रौमाच्या शिपयार्डात मी सुरक्षा तपासनीस होतो, तेव्हा कुठलंही जोखमीचं काम निघालं की रोजच्या रोज नोंद ठेवत असे. हे जोखमीचं काम आहे.

संध्याकाळी विर्पीचा फोन, कुओपियोहून. दर शनिवारी असतो.

"बाबा, काय करतोयस?"

"काही नाही."

"मी येऊ का पुढच्या आठवड्यात? दोन दिवस?"

"कशाला पाच-सहा तास गाडी हाणतेस? रस्ते निसरडे असतात."

सप्टेंबरात रस्ते निसरडे नसतात हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. तशी ती विचारायचं म्हणून विचारते. तिला तिचं घर आहे, दवाखान्यातली नोकरी आहे. मग मी म्हटलं, सौना, म्हणजे घरातली वाफेच्या आंघोळीची खोली, तापलाय, जातो. सौना तापलाय म्हटल्यावर आमच्याकडे कुणी फोन लांबवत नाही.

सौना तापला नव्हता. राइली गेल्यापासून तो तापवलेलाच नाही. दोघांनी शेजारी बसायच्या फळीवर एकटा बसलो तर मला शेजारची रिकामी जागा दिसत राहील. पहिल्या हिवाळ्यात तिथं गरम कपड्यांची खोकी ठेवली, मग स्की, मग राइलीचं शिवणयंत्र. या इमारतीत निम्म्या लोकांच्या सौनात अडगळच असते, कुणी कबूल करत नाही एवढंच. विर्पीला हे सांगावं असं कधी वाटलं नाही. तिच्याशी बोलायला मला आवडतं, पण थोड्या वेळानं बोलायचं काय ते सुचत नाही. मी गप्प झालो की ती विचारते, "बाबा, आहेस ना?" त्या प्रश्नाला मी फार घाबरतो.

मंगळवार, १० सप्टेंबर

मंगळवारी वाचनालयात म्हाताऱ्यांना कॉम्प्युटर शिकवतात. शिकवणारेही म्हातारेच. मला हिल्का तोर्विनेन नावाची बाई मिळाली. पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, म्हणजे अख्ख्या रौमाची भांडणं हिनं ऐकलेली असणार. केस पांढरेशुभ्र, चष्मा लालभडक.

"काय हरवलंय?" तिनं विचारलं.

"अजून काही नाही. हरवू नये म्हणून आलोय."

"मग तुम्ही पहिलेच. इथं सगळे हरवल्यावर रडत येतात."

तिनं समजावून सांगितलं. मेल दिसतात माझ्या कॉम्प्युटरवर, पण राहतात कंपनीच्या घरी. आधी ते माझ्या घरी आणायचे. मग बाहेरची एक हार्ड डिस्क घ्यायची, साबणाच्या डबीएवढी असते, तिच्यावर दुसरी प्रत काढायची. आणि तिसरी प्रत घराबाहेर ठेवायची.

"घराबाहेर कशाला?"

"घराला आग लागली तर?"

"माझ्या घराला आग लागणार नाही. मी सुरक्षा तपासनीस होतो."

"ज्यांच्या घराला लागली त्यांनाही तसंच वाटत होतं, तपासनीससाहेब."

मला या 'साहेब'चा राग आला, पण काम तिच्याकडे होतं. विचारलं, घराबाहेर म्हणजे कुठं?

"कुणाच्याही कपाटात मावते. मुलांकडे ठेवा, मित्राकडे ठेवा, शेजाऱ्यांकडे ठेवा."

घरी येताना बंदराच्या रस्त्यानं चालत आलो आणि कपाटं आठवत राहिलो. मित्र म्हणावा तर कालेर्वो होता, तो गेला. शेजारच्या दारावर कुणाचं नाव आहे ते मी आज घरी आल्यावर वाचलं. विर्पीला सांगितलं असतं, पण ती म्हणणार, घेऊन ये, नाहीतर मी येते. एवढ्याशा डबीसाठी कुणाला कामाला लावायचं?

मंगळवार, २४ सप्टेंबर

हार्ड डिस्क आणली. कॉम्प्युटर पाठीवरच्या पिशवीत घालून वाचनालयात नेला. हिल्कानं बाजूला बसून सगळं माझ्याकडूनच करून घेतलं. माऊसला हातसुद्धा लावला नाही. तिची ही पद्धत मला आवडली. कंपनीच्या घरचे मेल माझ्या कॉम्प्युटरवर आले आणि तिथून त्यांची प्रत हार्ड डिस्कवर गेली. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता.

"वाचता का कधी?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग जपता कशाला?"

"तुम्ही टेलिफोनवर लोकांना असे प्रश्न विचारायचात का?"

मग म्हणाली, "माझे यजमान गेले तेव्हा त्यांचा आवाज एका टेपवर होता. मीही ऐकली नाही कधी. चुकलं माझं." मग पुन्हा कामाला लागली. "हा खाली अजून एक कप्पा आहे. तुम्ही पाठवलेल्या मेलांचा. तोही तुमच्या कॉम्प्युटरवर आलाय. याचीही प्रत हार्ड डिस्कवर काढू?"

"ती माझी उत्तरं आहेत. त्यात काय आहे जपण्यासारखं?"

"बायकोला लिहिलेली ना?"

"कामापुरती लिहिलेली. राहू दे."

निघताना म्हणाली, समोरच्या बेकरीत वेलचीचे पाव ताजे असतात, कॉफी घेऊ या का? मी सांगितलं, इथं वाचनालयातच कॉफीचं यंत्र आहे आणि फुकट आहे. "हो, आहे खरं," ती म्हणाली. दिवसभर तिथं बसूनही तिच्या लक्षात आलं नव्हतं, याचं आश्चर्य वाटलं.

शनिवार, ५ ऑक्टोबर

काल एक फोन आला. मोडकीतोडकी फिनिश बोलणारा माणूस. म्हणे माझ्या कॉम्प्युटरला रोग झालाय, तो लांबून बरा करतो, मी फक्त पासवर्ड सांगायचा. मी त्याला शिपयार्डातल्या भाषेत उत्तर दिलं आणि फोन आपटला. पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. आज यानं विचारून घुसायचा प्रयत्न केला, उद्या दुसरा न विचारता घुसेल. कॉम्प्युटर सतत इंटरनेटला जोडलेला. म्हणजे राइलीचे मेल उघड्या दारात ठेवल्यासारखे.

सुरक्षेचा पहिला नियम मी कित्येक नव्या कामगारांना शिकवला आहे. धोका जिथं आहे तिथं मौल्यवान वस्तू ठेवायची नाही. म्हणून आज हार्ड डिस्क जोडून कप्पा नीट आहे याची खात्री केली आणि कॉम्प्युटरवरचा 'राइली' कप्पा पुसून टाकला. कचरापेटीही रिकामी केली. कंपनीच्या घरीही काही ठेवलं नाही. नाहीतरी ते पुसणारच आहेत. आता चोर आला तरी त्याला माझी उत्तरं तेवढी मिळतील. खुशाल वाचू दे.

'घराबाहेर' या अटीचाही विचार केला. जागा घरात असली तरी वेगळी असली की झालं. सौना! स्वतंत्र दार, मध्ये अख्खं न्हाणीघर, आत कोरडं ठणठणीत, ऊन नाही, माणूस नाही. चोर सौनात काय शोधणार? हार्ड डिस्क राइलीनं विणलेल्या जाड लोकरी मोज्यात घातली आणि वरच्या फळीवरच्या खोक्यात, स्वेटरांच्या मध्ये ठेवली. हिल्कानं पाहिलं असतं तर तिलाही मान्य करावं लागलं असतं. तिला सांगायला गेलो नाही. काम झाल्यावर उगाच कुणाचा वेळ खायचा नसतो.

विर्पीचा फोन. काय काय बोलली, तिच्या वॉर्डात माणसं कमी आहेत, तिची पाठ दुखते. मी 'हं' म्हणत होतो. मग सौना तापलाय म्हटलं आणि सौनाच्या बंद दाराकडे पाहिलं. खोटं बोलून पहिल्यांदाच बरं वाटलं, कारण राइली आत होती.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

सकाळपासून कॉम्प्युटरसमोर बसून होतो. दुपारपर्यंत खातं उघडत होतं. कॉफी घेऊन आलो तर उघडेना. 'असं खातं अस्तित्वात नाही.' इतकं सोपं? माणूस जातो तेव्हा निदान चार लोक तरी येतात.

नवीन मेलचा पत्ता मी घेतलेला नाही. वाचनालयात विचारलं होतं, ते फुकट मिळतं म्हणाले. पण तो कुणाला कळवायचा ते ठरलं नाही म्हणून राहून गेलं.

परवा सर्व संतांचा दिवस. राइलीच्या कबरीवर लावायची मेणबत्ती आणून ठेवली आहे, वाऱ्यात न विझणारी.

रविवार, ३ नोव्हेंबर. कुओपियो.

काल लिहिता आलं नाही. जे झालं ते क्रमानं लिहितो. नोंद अशीच लिहायची असते.

दुपारी अंधारून आल्यावर कबरस्तानात गेलो. सगळीकडे मेणबत्त्या होत्या, माणसं घोळक्यानं होती. राइलीची मेणबत्ती लावली आणि थोडा वेळ उभा राहिलो. थंडीनं पाय कुरकुरायला लागले तेव्हा निघालो. आमच्या रस्त्यावर वळलो तर अग्निशामक दलाच्या दोन गाड्या आणि निळे दिवे. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की कुणीतरी बेजबाबदारपणा केला.

मग फुटपाथवर विर्पी दिसली. पायात बूट नाहीत, फक्त माझ्या घरातल्या सपाता. अंगावर शेजारच्या बाईचा कोट. मला पाहिल्यावर धावत आली आणि मला इतकं घट्ट धरलं की माझी टोपी पडली.

"मला वाटलं तू आत आहेस! वाटलं, मी दुकानात गेले तेवढ्यात तू परत आलास!"

"तू इथं कशी?"

"मी लिहिलं होतं ना बाबा, शनिवारी येते म्हणून! गुरुवारी मेल टाकला होता."

"मला मिळाला नाही."

"उत्तर आलं नाही, पण तुझं उत्तर कधी येतं? मी धरून चालले की वाचलं असशील." तिनं माझी टोपी उचलून माझ्या डोक्यावर घातली. "तू घरी नव्हतास, माझ्याकडच्या किल्लीनं आत आले. मी म्हटलं, कबरीवर गेला असेल, गारठून येईल. आल्या आल्या गरम सौना मिळू दे त्याला. आई लावून ठेवायची तसा. दर शनिवारी लावतोसच ना तू. शेगडीचं बाहेरचं बटण फिरवलं आणि सॉसेज आणायला तशीच खाली दुकानात गेले. परत आले तर जिन्यात धूर."

बटण न्हाणीघराच्या बाहेर आहे. आत डोकावायची कुणाला गरज पडत नाही. दर शनिवारी तापणाऱ्या सौनात कोण कशाला डोकावेल?

अग्निशामक दलाचा एक तरुण अधिकारी वही घेऊन आला. "काका, सौनात सामान ठेवलं होतं?"

"हो."

"शेगडीवरही?"

"स्की ठेवल्या होत्या. आणि एक खोकं."

त्यानं मान हलवली आणि लिहून घेतलं. मी पूर्वी काय काम करत होतो ते मी त्याला सांगितलं नाही.

सौना गेला, न्हाणीघर गेलं, बाकी घरात काजळी आणि पाणी. माणसाला इजा नाही. कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत होता, तो वाचला, नुसता धुराचा वास मारतो. सौनात त्यांनी मला दारापर्यंत जाऊ दिलं. वरची फळीच नव्हती. खोक्याच्या जागी काळा चिखल होता आणि शिवणयंत्राचा लोखंडी सांगाडा. मी हार्ड डिस्क शोधली नाही. प्लास्टिकचं काय होतं ते मला माहीत आहे.

विर्पी मला गाडीत घालून इथं घेऊन आली. रस्त्यात सारखी म्हणत होती, "वस्तूच गेल्या ना बाबा, वस्तूच गेल्या." मी हो म्हणत होतो.

बुधवार, ६ नोव्हेंबर

आज सांगावं लागलं. तीन दिवस मी जेवणाच्या टेबलाशी नुसता बसून होतो, म्हणून तिनं दवाखान्यातल्या आवाजात विचारलं, "बाबा, कुठं दुखतंय? खरं सांग." मग सांगितलं. मेल, हार्ड डिस्क, मोजा, सगळं.

"आईचे सगळे मेल? आणि मी बटण फिरवलं?"

"तुला काय माहीत?"

"दुसरी प्रत?"

"हीच एक होती. बाकीची मी पुसली. सुरक्षित राहावी म्हणून."

"मला का नाही सांगितलंस? मी दहा प्रती करून ठेवल्या असत्या! माझ्याकडे दिली असतीस तर..."

"तुला कशाला उगाच त्रास."

"त्रास!" ती उभी राहिली. "मी काय परकी आहे? मला आईचा एक मेल नाही रे. ती मला फोन करायची. तिचं लिहिलेलं माझ्याकडे काही, काही नाही. आणि तुझ्याकडे चौदा वर्षांचं होतं, आणि तू मला कधी बोलला नाहीस."

ती न्हाणीघरात गेली आणि नळ बराच वेळ चालू ठेवला. मी इथं दिवाणखान्यातल्या सोफ्यावर झोपतो. माझ्या उशीला सौम्य साबणाचा वास आहे, तरी मला धुराचाच वास येतो. राइली गेली तेव्हा मी रडलो नव्हतो. कप्पा होता म्हणून असेल. आता मी तोंडावर पांघरूण घेतलं की थांबत नाही.

रविवार, १० नोव्हेंबर

आज बापांचा दिवस. विर्पीनं केक केला होता, वर लिंगोनबेरीची आंबट लाल फळं. आम्ही दोघांनी मुकाट्यानं खाल्ला. मग तिनं टेबल पुसलं आणि माझा कॉम्प्युटर आणून ठेवला.

"काय काय आहे ते एकदा मला बघू दे."

"माझी उत्तरं आहेत फक्त."

"तुझी तर तुझी."

तिनं पाठवलेल्या मेलांचा कप्पा उघडला. मला लाज वाटत होती. एकाखाली एक माझी उत्तरं. 'हो.' 'नाही.' 'भरले.' 'प्लंबर गुरुवारी येतोय.' 'हो.' विर्पी एक उघडून वाचत होती, दुसरं उघडून वाचत होती, आणि मला वाटत होतं की तिच्या वॉर्डात मी तपासायला पडलोय.

मग तिचा हात थांबला. "बाबा, हे खाली काय आहे?"

"कुठं?"

"तुझ्या 'हो'च्या खाली. तू उत्तर दिलंस की मूळ मेल त्याच्या खाली चिकटतो. बघ ना, खाली जा. आहे! आई आहे!"

ती मोठ्यानं वाचायला लागली. मला ते शब्द आठवत नव्हते, पण आवाज राइलीचाच होता, शपथेवर सांगतो. ऑलंड बेटांपाशी बर्फ इतका दाट आहे की जहाज वाळूवरून ओढल्यासारखा आवाज करतं. रात्री लग्नाची वरात होती आणि नवरदेव बटाट्यांच्या पोत्यांवर झोपलेला सापडला, तिनं त्याच्या अंगावर स्वतःचा कोट टाकला. गुडघे फार दुखतात, पण कुणाला सांगत नाही, नाहीतर किनाऱ्यावरचं काम देतील. पहाटे भांडी घासून झाल्यावर ती मागच्या डेकवर जाते आणि आमच्या किनाऱ्याचे दिवे कुठल्या बाजूला असतील त्याचा अंदाज करते. असं पानभर. आणि शेवटी, 'गॅलरीतल्या टोमॅटोंना पाणी घातलंस का?'

वर माझं उत्तर. 'हो.'

मी हे तेव्हा वाचलं होतं का? वाचलंच असणार. पण मी प्रश्न शोधायचो. प्रश्न सापडला की उत्तर द्यायचो. ज्यात काही विचारलेलं नाही त्याला उत्तर कशाचं द्यायचं? सगळं ठीक आहे असं समजायचं. मी विर्पीला हे समजावून सांगितलं.

ती माझ्याकडे वळली. "म्हणजे ज्यांना तू उत्तर दिलंस तेवढेच वाचले."

ती हे रागानं बोलली नाही. रागानं बोलली असती तर मी भांडलो असतो.

मग आम्ही दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत पाहिलं. सुरुवातीच्या वर्षांतलं जवळजवळ काही नाही. त्या वर्षांत ती नुसतं लिहायची, विचारायची नाही. ते सगळं गेलं, कायमचं. कुठलं वादळ, कुठली माणसं, तिला काय वाटायचं, मला काही म्हणजे काही माहीत नाही. पुढं पुढं मात्र जास्त मेल आहेत, आणि शेवटच्या वर्षांतला बहुधा एकही गेलेला नाही. कारण तोपर्यंत प्रत्येक मेलच्या शेवटी काहीतरी विचारायची तिला सवय लागली होती. आणि विचारायची ते काय? जिन्यातला दिवा लागतो का? आपल्याकडे मीठ आहे का? एका जानेवारीतल्या मेलमध्ये तर पुन्हा टोमॅटोंना पाणी घातलंस का! जानेवारीत गॅलरीत हातभर बर्फ असतो, टोमॅटो कुठले? त्यालाही मी उत्तर दिलंय, 'टोमॅटो नाहीत.'

"तेव्हापासूनच तिला विसरायला होत होतं की काय?" मी म्हणालो.

विर्पीनं माझ्या हातावर हात ठेवला आणि पुढचा मेल उघडला.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

विर्पीनं सगळ्याच्या प्रती काढल्या. एक तिच्या कॉम्प्युटरवर, एक हार्ड डिस्कवर तिच्या दवाखान्यातल्या कपाटात, आणि एक दुसऱ्या हार्ड डिस्कवर माझ्यापाशी. माझ्यासाठी नवीन मेलचा पत्ताही उघडून दिला. म्हणाली, "इथंच राहा ना वसंतापर्यंत. घराची डागडुजी होईपर्यंत तरी." मी म्हटलं, विमा कंपनीनं रौमात एका खोलीची जागा दिली आहे, ती रिकामी ठेवणं बरं नाही. तिनं पुन्हा आग्रह केला नाही. सोफा अडकला होता, तिचीही सोय झाली असेल.

तिनं बसवर सोडलं. बस निघाल्यावरही ती तिथंच उभी होती. ती काय बघत होती कोण जाणे, काचा तर पूर्ण धुरकटल्या होत्या.

मंगळवार, १९ नोव्हेंबर. रौमा.

वाचनालयात गेलो आणि हिल्काला सगळं सांगितलं. वाटलं होतं, 'तपासनीससाहेब' म्हणून टोमणा मारेल. तिनं लाल चष्मा काढला आणि पुसत बसली. मी एक प्रत बरोबर नेली होती. विचारलं, तुमच्या कपाटात जागा आहे का?

"जागा करीन," ती म्हणाली. "पण अधूनमधून येऊन बघावं लागेल हं, प्रत नीट आहे का ते."

हार्ड डिस्क अशी सारखी तपासावी लागते हे मला माहीत नव्हतं. येईन म्हटलं.

रविवार, १ डिसेंबर

या खोलीत भिंती पांढऱ्या आहेत, खिडकीसमोर दुसरी खिडकी आहे आणि तिच्यात कुणीतरी चांदणीच्या आकाराचा दिवा लावला आहे. मी रोज राइलीचा एक मेल वाचतो, अगदी शेवटपर्यंत. जास्त वाचत नाही, संपतील. आज वाचला त्यात तिनं लिहिलं होतं की डेकवर एक समुद्रपक्षी दमून बसला होता आणि सगळ्या स्वयंपाकघरानं त्याला हेरिंग मासे खाऊ घातले. तो उडून गेल्यावर ती रडली, आणि का ते तिला कळलं नाही. मला ते वाचून काहीतरी बोलावंसं वाटलं. कुणाशी तरी. खोलीत कुणी नव्हतं.

काल शनिवार असून विर्पीचा फोन आला नाही. तिला रात्रपाळी असेल. दुखणं तर नसेल? फोन उचलला आणि खाली ठेवला. ती झोपली असेल तर?

म्हणून आज तिला मेल लिहिला. सकाळी बसलो ते उठेपर्यंत बाहेर अंधार झाला. पक्ष्याचं लिहिलं. समोरच्या खिडकीतल्या दिव्याचं लिहिलं. या खोलीतल्या नळाला मधूनच खोकला येतो तेही लिहिलं. तुझी पाठ दुखते म्हणाली होतीस आणि मी काहीच बोललो नाही, हेही लिहिलं. एवढं मोठं मी आयुष्यात कुणाला लिहिलं नसेल. लिहून झाल्यावर वाचून पाहिलं आणि भीती वाटली. यात उत्तर देण्यासारखं काहीच नव्हतं. ती वाचेल, सगळं ठीक आहे म्हणेल आणि बाजूला ठेवेल.

म्हणून शेवटी एक ओळ घातली. 'तिकडे बर्फ पडला का?' कुओपियोत गुडघाभर पडलाय ते मी दुपारीच बातम्यांत पाहिलं होतं. पण विचारलं म्हणजे तिला उत्तर लिहावं लागेल.